दोन वेळा कमी

"मापं नकोत. तिचा एखादा जुना कंदोरा पाठवून द्या, त्यावरून बेतीन," खैरुद्दीन म्हणाला, आणि उबैदने ओठांपर्यंत नेलेला कॉफीचा पेला न पिताच खाली ठेवला.

कंदोरा म्हणजे तिथल्या बायकांचा पायघोळ झगा, आणि खैरुद्दीन म्हणजे उम्म सिद्र गावचा एकुलता एक शिंपी. उबैद त्याचा सख्खा शेजारी, दोघांच्या घरांत मातीची एकच भिंत. उबैदच्या मुलीचं, शम्माचं, लग्न ठरलं होतं. दुबईहून मागवलेलं कापड खांद्यावर टाकून तो स्वतः दुकानात आला होता. आल्या आल्या त्याने सांगितलं होतं, की संध्याकाळी पोरगी मापं द्यायला येईल. एवढी गोड बातमी, आणि तिच्यावर हे असलं उत्तर.

"तू मापं घेणार नाहीस?" उबैदने विचारलं.

"ती आता मोठी झाली. बुरखा घेते."

"घेते. मग?"

"मग बरं दिसत नाही, उबैद."

पेला दोघांच्या मध्ये निवत होता. त्या मुलखात पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली, की यजमानाने ओळखायचं: याच्या मनात काहीतरी मागणं आहे. यजमानाने म्हणायचं, "आधी प्या, जे मागाल ते दिलं." पंधरा वर्षांत खैरुद्दीन हे सगळं शिकला होता. पण त्या दिवशी त्याची जीभ उचलेना. त्याने मान खाली घातली आणि कापडाची घडी उगाचच उलगडून पुन्हा घातली. उबैद उठला, "तुझी मर्जी," म्हणाला आणि निघून गेला.

तो गेल्यावर खैरुद्दीनने ती गार कॉफी दाराबाहेर वाळूत ओतली. आपण केलं ते शहाणपणाचंच केलं, असं त्याने स्वतःला बजावलं. कुणी दार लावून घ्यायच्या आधी आपणच उंबऱ्यावरून मागे फिरावं, त्यात अब्रू राहते. पण हात कामाला लागेनात. दुपारभर त्याने एक बाही तीनदा उसवली.

तो मूळचा बाणकोटचा. तेल शोधणाऱ्या एका कंपनीच्या तळावर तंबू शिवायला म्हणून तो या वाळवंटात आला. कंपनीने दोन-तीन महिने जमीन भोसकली, तिथे काही तेल लागलं नाही, आणि तंबू गुंडाळून ती मंडळी निघून गेली. खैरुद्दीनही जायचाच. पण गावच्या म्हाताऱ्यांनी त्याला थांबवून घेतलं. आमच्याकडे पाणी आहे, खजूर आहे, फक्त शिंपी नाही, असं म्हणाले. मग त्याने बायकोला गावाहून बोलावून घेतलं. शहरबानू बोटीने दुबईला आणि तिथून लॉरीच्या टपावर दिवसभर गचके खात उम्म सिद्रला पोचली. गावाच्या तोंडाशी एक जुनाट बोरीचं झाड आहे, त्यावरूनच गावाचं नाव. तिने झाडाकडे पाहिलं, सभोवारच्या वाळूकडे पाहिलं आणि म्हणाली, "नशीब बघा, बाणकोटची खाडी सोडून बोरवाडीत येऊन पडले." तेव्हापासून त्या दोघांपुरतं गावाचं नाव बोरवाडीच झालं.

गाव ते केवढं! शंभरेक घरं, निम्मी मातीची आणि निम्मी खजुराच्या झावळ्यांची. एक गढी, तिचा एक बुरूज ढासळलेला. डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून आणलेला पाण्याचा पाट, आणि त्या पाटाच्या पाळ्या. कुणाच्या बागेला पाणी कधी, हे दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ठरायचं, आणि त्यावरून भांडणंही व्हायची, आपल्याकडे बांधावरून होतात तशीच. उन्हाळ्यात किनाऱ्यावरची माणसं उंटांवर बिऱ्हाड लादून खजुराच्या सावलीला यायची. मग गाव दुप्पट व्हायचं आणि खैरुद्दीनचं यंत्र संध्याकाळपर्यंत टकटकत राहायचं.

त्या यंत्राइतकीच शहरबानूही कामाची. परक्या पुरुषाने बायकांची मापं घ्यायची नाहीत, हा इथला रिवाज. म्हणून शहरबानू घरोघर आत जायची. तिला आकडे येत नसत. ती सुतळीला गाठी मारून आणायची: पहिली गाठ खांदा, दुसरी बाही, तिसरी उंची. घरी येऊन सांगायची, "ही सुतळी गढीजवळच्या जाड्या बाईची, कापड जरा सढळ धरा." ती होती तोवर गावातल्या एकाही बाईचा झगा कधी आखूड झाला नाही. ती गेल्यावर बायका जुने कपडे पाठवू लागल्या. फक्त एकच जण स्वतः मापं द्यायला येत राहिली, शम्मा. ती लहानच होती, आणि तिचं प्रकरणच निराळं होतं.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. शहरबानूला मुलगा झाला आणि सहाव्या दिवशी गेला. गावच्या लोकांनी बोरीचा पाला उकळून त्या एवढ्याशा जिवाला आंघोळ घातली आणि गावाबाहेरच्या टेकाडावर पुरलं. घरात बाळ नव्हतं आणि आईच्या छातीत दूध दाटत होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. चार दिवसांनी शेजारी उबैदच्या बायकोला मुलगी झाली आणि बाळंतिणीला ताप भरला. ती शुद्धीवर नव्हती. तेव्हा उबैदची आई सलामा, तिला सगळे सलामाअम्मा म्हणत, पदराखाली ते बाळ घेऊन सकाळी शहरबानूच्या दारात उभी राहिली. बाळ पुढे केलं आणि शहरबानूने घेतलं.

सकाळी आणलं, दुपारी आणलं आणि तिन्हीसांजेला आणलं. त्याच रात्री बाळंतिणीचा ताप उतरला, आणि दुसऱ्या दिवसापासून शम्मा आपल्या आईला प्यायली.

खैरुद्दीनला वाटलं, चला, बरं झालं. पण शहरबानू त्या दिवशी जेवली नाही. फार खोदून विचारल्यावर बोलली.

"तीनच वेळा प्यायली हो. आपले मौलवी सांगतात, पाच वेळा पोटभर पाजलं तर दुधाचं नातं लागतं. पाच झाली असती तर ती माझी लेक झाली असती. अल्लाच्या दारात लेक. तुम्ही तिचे बाप."

"नशिबात नव्हतं म्हणायचं."

"मी काय मागितलं माहितंय?" तिने त्याच्याकडे न पाहता विचारलं. "त्या बाईचा ताप अजून एक दिवस राहू दे, असं मागितलं. अजून एकच दिवस." मग तिने दोन्ही कान धरले, "तौबा, तौबा," म्हणाली आणि इतकी रडली, की आपल्या पोराला माती दिली तेव्हाही एवढी रडली नव्हती.

त्यानंतर तिने हा विषय कधी काढला नाही. पण शम्मा चालायला लागली ती याच घरात. शहरबानूच्या हातची तांदळाची भाकरी तिला आवडायची. "गो बाय, गप बस," आणि "इकडे ये, नाक पूस," एवढी कोकणी तिला अरबीच्या आधी आली. ती शहरबानूला उम्मी म्हणायची आणि त्याला बाबा. सलामाअम्मा तिला हाक मारताना शहरबानूला म्हणायची, "तुझी लेक कुठे आहे बघ." नवराबायको हसायची. ही अरब माणसं जिभेने गोड. रस्त्यातल्या कुणाच्याही पोराला 'माझ्या लेका' म्हणतात, त्यांच्या बोलण्याचं काय धरून बसायचं? दोन वेळा कमी पडलं ते पडलंच.

पाच वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत छाती भरून शहरबानू गेली. टेकाडावर लेकाच्या शेजारी तिला जागा मिळाली. भाऊ बाणकोटहून सांगावे धाडत राहिला, ये म्हणून. खैरुद्दीन गेला नाही. का गेला नाही, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, धंदा आहे. धंदा कसला, कपाळ! खरं कारण नऊ वर्षांचं होतं आणि रोज दुपारी झाकलेली थाळी घेऊन दुकानात यायचं, तो जेवेपर्यंत समोर बसायचं आणि रिळं गुंतवून ठेवायचं.

आणि महिन्यापूर्वी शम्माने बुरखा घेतला. आपल्याकडचा पायघोळ बुरखा नव्हे. इथल्या बायका निळीत घोटलेल्या कापडाचा चकचकीत मुखवटा बांधतात, कपाळ, नाक आणि ओठ झाकणारा. मुलगी वयात आली, लग्नाचं बोलणं सुरू झालं, की तो चढतो. त्यानंतर तिचं तोंड बघायचं ते घरच्यांनी: बापाने, भावाने, नवऱ्याने.

ती गल्लीतून आजीबरोबर येत होती. खैरुद्दीनने तिला चालीवरून ओळखलं. एरवी त्याने हाक मारली असती. पण त्या मुखवट्याकडे नजर गेली आणि त्याला पटकन आठवलं, की आपण हिचे कोणी नाही. रिवाजाप्रमाणे त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि ती पुढे जाईपर्यंत तसाच उभा राहिला. तिची पावलं त्याच्या मागे क्षणभर थबकली. मग पुढे गेली. दुसऱ्या दिवसापासून थाळी घेऊन उबैदचा गडी येऊ लागला.

जुना कंदोरा त्या संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लग्नाला आठवडा राहिलेला. खैरुद्दीनने कापड दोनदा पाण्यातून काढून वाळवलं, बायकांनी विणलेली जरीची पट्टी गुंडाळून तयार ठेवली, यंत्राला तेल घातलं. आता करायला काही उरलं नाही. तेवढ्यात तय्यबची लॉरी आली.

तय्यब श्रीवर्धनचा. पंधरवड्यातून एकदा तांदूळ, साखर आणि रॉकेल घेऊन यायचा. तो आला की खैरुद्दीनला पोटभर आपल्या भाषेत बोलता यायचं. लॉरी बोरीखाली लावून तो दुकानात शिरला तोच बडबडत.

"काय चाचा, सुतक पडल्यावानी काय बसलाव? यल्ला, चहा करा. शेजारी शादी हाय म्हणं."

खैरुद्दीनने चहा केला आणि त्याला सगळं सांगितलं. मापाचं, कॉफीचं, सगळं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, तीन वेळांचं. तय्यब तसा उथळ माणूस, पण ते ऐकताना त्याने बशीतला चहा बशीतच ठेवला.

"तीनच वेळा ना? मंग नाय होत, चाचा. आमच्या मदरशात पण पाचच सांगतात. परकी पोरगी ती. तुम्ही केलं ते राइट केलं."

"राइट केलं ना?"

"एकदम राइट. उलट ती लोकं बोलली असती, हा हिंदी शिंपी बघा, आमच्या बायांची मापं घेतो." मग तो म्हणाला, "पण चाचा, आता हितं ऱ्हाऊन काय करताव? गाव बदलला. पंप आलं, तुमचा तो पाट सुकत चालला. शाळा झाली, अमीराकडं बिजली आली. पुढच्या साली पक्का रोड येतो, म्हंजे दुबईचं रेडिमेड पण येतं. चाची नाय, आता ही पोरगी पण चालली. जुम्म्याच्या आदल्या दिवशी मी परत जातो. बोटीचं तिकीट मी काढतो. बाणकोटला भावाच्या ओसरीवर बसा, ताजी मच्छी खा. खलास."

"लग्नाचे कपडे झाले की निघू," खैरुद्दीन म्हणाला.

म्हटलं खरं, पण म्हणताना त्याला वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. तय्यब माल उतरवायला गेला. खैरुद्दीन मशिदीत गेला आणि नेहमीच्या कोपऱ्यात उभा राहिला. गावची माणसं हात सोडून नमाज पढायची, तो एकटा छातीवर हात बांधून. पहिल्या शुक्रवारी सगळ्यांनी त्याच्या हातांकडे टकमक पाहिलं होतं. मग मुतव्वा, म्हणजे तिथले मौलवी, म्हणाले होते, तुझ्या पंथाचे इमाम वेगळे आणि आमच्या पंथाचे वेगळे, दोघेही मोठे, तू तुझं पढ. त्या दिवसापासून कुणी कधी वाकडा शब्द काढला नाही. आज नमाजेत उबैद दोन ओळी पुढे होता. नमाजेच्या शेवटी उजवीडावीकडे सलाम फेरताना त्याची मान वळली, पण नजर वळली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाजार झोपलेला असताना, दुकानाच्या दारात काठी आपटली. सलामाअम्मा उभी होती. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, एका हाताने नातीचा खांदा धरलेला. शम्मा मुखवटा बांधून तिच्या मागे.

खैरुद्दीन घाईघाईने उठला आणि सवयीने भिंतीकडे तोंड करू लागला.

"इकडे बघ," सलामाअम्मा म्हणाली. "मी पाऊण आंधळी, पण तू पाठ फिरवतोस ते मला दिसतं. माझ्या नातीने तुझा काय गुन्हा केला?"

"गुन्हा? अम्मा, तिचा कसला गुन्हा..."

"मग गल्लीत तिला बघून भिंतीकडे तोंड करतोस? ती घरी येऊन रडली. मी म्हटलं, डोळ्यांत धूळ गेली असेल त्याच्या. मग उबैद कापड घेऊन आला, त्याला तू सांगतोस जुना झगा पाठव. त्याने कॉफी ठेवली, तर तू विचारलंही नाहीस. माझा लेक तीन दिवस नीट जेवला नाही. लग्नाच्या तोंडावर बापाने पोरीला टाकलं, असं गाव म्हणेल. बोल. काय केलं हिने?"

"बापाने?" खैरुद्दीनने विचारलं.

"मग कोणाने?"

त्याला बसावंसं वाटलं, पण ती उभी असताना बसणं बरं नव्हतं. मग त्याने सांगायला सुरुवात केली, पंधरा वर्षं बोलूनही अजून मोडकीच असलेल्या अरबीत. शहरबानूने तीनच वेळा पाजलं होतं. आमच्या मौलवींनी पाच सांगितलेत. दोन वेळा कमी पडलं. म्हणून तो तिचा बाप नाही, परका पुरुष आहे, आणि परक्या पुरुषाने मापं घेतली तर उद्या पोरीच्या सासरी कुणी बोट दाखवेल. तो बोलत गेला तशी म्हातारीची काठी जमिनीवर स्थिर होत गेली.

"पाच?" ती म्हणाली. "कुणी सांगितलं पाच?"

"आमच्या इमामांनी."

"आणि आमच्या इमामांनी सांगितलं, एक. एक घोट पोटात गेला, की ती आई. मोजतंय कोण?" तिचा राग उतरला असावा, कारण पुढचं ती हळू बोलली. "खैरुद्दीन, तू आमच्या शेजारी उभा राहून हात बांधतोस, आम्ही सोडतो. पंधरा वर्षं हे बघतोस. मग दुधाचंही आमचं वेगळं असेल, हे कधी तुझ्या डोक्यात आलं नाही?"

नव्हतं आलं. नमाजेत फरक असतो हे त्याला ठाऊक होतं, रोज डोळ्यांसमोर होतं. पण दूध? ते दोघं त्या घराच्या भिंतीआड बसून आपल्या गावच्या हिशेबाने मोजत राहिले आणि भिंतीपलीकडे हिशेब कधीच मिटला होता. एकदा विचारायची बुद्धी झाली नाही. विचारायची लाज वाटली, हेच खरं. दुसऱ्याची लेक मागतोय असं वाटलं असतं.

"तू गावात सगळ्यांना विचार," सलामाअम्मा म्हणाली. "शहरबानू गेली तेव्हा तू पुरुषांत बसला होतास, तुला काय माहीत? बायका तीन दिवस आमच्या अंगणात येत होत्या. त्यांनी सांत्वन कुणाचं केलं? हिचं. नऊ वर्षांची पोर, मधोमध बसवली होती. एकेक बाई येऊन हिचं डोकं हुंगायची आणि म्हणायची, अल्ला तुझ्या आईला जागा देवो. उत्तर काय द्यायचं ते मी हिला शिकवलं होतं. तीन दिवसांत एकदाही चुकली नाही."

खैरुद्दीन आता खालीच बसला. यंत्राच्या पाटावर हात टेकून बसला. एकच प्रश्न उरला होता आणि तो विचारल्यावाचून सुटका नव्हती.

"तिला कुणी सांगितलं होतं का, अम्मा? शहरबानूला? की एकदाच पुरतं म्हणून?"

म्हातारीने मान हलवली.

"सांगायचं काय त्यात? आईला कुणी जाऊन सांगतं का, की तू आई आहेस?"

बाहेर दूर कुठेतरी पंपाची धडधड चालू होती. खैरुद्दीन रडत होता आणि ते लपवायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. नऊ वर्षं तिने ती पोर मांडीवर घेतली, केस विंचरले, भाकरी भरवली, आणि प्रत्येक वेळी मनात धरलं असेल, ही उसनी आहे. कुणाची उसनी? सगळ्या गावाने जी तिच्या पदरात टाकली होती, तिच्यासाठी ती नमाजेनंतर हात पसरून मागत राहिली. एवढीशी गोष्ट. एका वाक्याचं काम. ते वाक्य तिच्या कानावर पडायचं राहून गेलं.

शम्मा पुढे आली. मानेमागची दोरी तिने स्वतःच सोडली आणि मुखवटा काढून पाटावर ठेवला. नवं कापड, उन्हाळ्याचे दिवस, घामाने रंग सुटलेला. नाकाचा शेंडा आणि दोन्ही गाल निळे झाले होते. महिनाभरात चेहरा थोडा उतरला होता. बाकी तीच.

"बाबा, माप घ्या ना," ती म्हणाली. अरबीत नाही, बाणकोटच्या बोलीत.

त्याने डोळे पुसले. टेप शोधू लागला. टेप त्याच्या गळ्यातच होती.

"गो बाय," तो म्हणाला, "आधी नाक पूस. कापडाला नीळ लागली तर तुझा बाप मला सोडणार नाही."

"दोन्ही बाप रागावतील," सलामाअम्मा दारातून म्हणाली आणि काठी टेकत उंबऱ्यावर बसली. "माझ्यासाठी कॉफी टाक. आणि लेकाला माझ्या निरोप दे. तोही येऊन पिऊन जाईल."

खांदा, बाही, उंची. खैरुद्दीनने मापं घेतली. ती शहरबानूपेक्षा चार बोटं उंच झाली होती आणि हे त्याला कळलंच नव्हतं. संध्याकाळी उबैद आला. या वेळी खैरुद्दीनने आधी म्हटलं, "प्या, जे मागाल ते दिलं." उबैदने काही मागितलं नाही. एक पेला प्यायला, दुसरा प्यायला, तिसरा प्यायला आणि मगच पेला हलवून पुरे म्हणाला.

तय्यब आला तेव्हा यंत्र धडाधडा चाललं होतं. खैरुद्दीनने मान वर न करता सांगितलं, की यंदा काही जमायचं नाही.

"म्हंजे काय चाचा? तिकिटाचं सांगून ठेवलंय मी."

"घरात लग्न आहे, तय्यब. असं कसं निघता येईल?"

तय्यबने डोक्यावरची टोपी मागे सारली, पुढे ओढली, आणि त्याला काय समजलं कोण जाणे, पण तो म्हणाला, "मंग मी पण थांबतो. पुलाव कोण खाणार?"

लग्न शुक्रवारी दुपारच्या नमाजेनंतर लागलं. बोरीच्या झाडाखाली चटया टाकल्या होत्या. मोठ्या परातींमधून भात आणि बोकड येत होते, आणि पुरुषांनी दोन ओळी करून हातातल्या बारीक काठ्या हलवत गाणं धरलं होतं. तय्यब त्या ओळीच्या शेवटी घुसून चुकीच्या तालावर हात हलवत होता. वधूकडचे म्हणून उबैद आणि त्याचे भाऊ पाहुण्यांना भेटायला रांगेत उभे राहिले. उबैदने हात धरून खैरुद्दीनला आपल्या शेजारी उभं केलं. अंगात नवा सदरा होता, घाईत शिवलेला, आणि त्याची कॉलर एका बाजूला वाकडी बसली होती. दुसऱ्यांचे कपडे शिवता शिवता स्वतःच्या सदऱ्याला वेळ कुठला?

नवरा मुलगा हमद अल ऐनकडचा, विशीतला, नुकती मिसरूड फुटलेला. तो आधी उबैदसमोर आला. त्यांच्या रीतीप्रमाणे दोघांनी नाकाला नाक लावलं. मग तो पुढे सरकला, आणि खैरुद्दीन सवयीने दोन पावलं मागे झाला. पंधरा वर्षं या गावातल्या प्रत्येक लग्नात तो असाच दोन पावलं मागे उभा राहत आला होता, पाहुण्यांना जागा करून देत.

पोरगा थांबला नाही. तोही दोन पावलं आत आला, रांग सोडून. त्याने खैरुद्दीनच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, वाकला आणि त्याच्या नाकाला आपलं नाक लावलं.